नऊ गुण, चौदा रिबाउंड आणि अधिक एकोणीस: बॉक्स स्कोअर कसा वाचायचा?

आज आपण एक तक्ता वाचणार आहोत. फक्त एक. पण नीट वाचणार आहोत.

बास्केटबॉलचा सामना संपला की एक पानभर आकडे हातात येतात, त्याला म्हणतात बॉक्स स्कोअर. क्रिकेटचं स्कोअरकार्ड वाचत आपण लहानाचे मोठे झालो, त्यामुळे हे काय प्रकरण असेल याचा अंदाज तुम्हाला येईलच. प्रत्येक खेळाडूसमोर त्याने खेळलेली मिनिटं, गुण, किती फटके मारले आणि किती आत गेले, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, टर्नओव्हर. खाली संघाची बेरीज.

फरक एवढाच, की क्रिकेटमध्ये गोलंदाज आणि फलंदाज समोरासमोर असतात, आणि एका चेंडूचा हिशोब बऱ्यापैकी दोघांच्या नावावर मांडता येतो. बास्केटबॉलमध्ये दहा जण एकाच वेळी धावत असतात. टोपलीत चेंडू टाकला एकाने, पण त्याला जागा करून दिली दुसऱ्याने, आणि तिसरा कोपऱ्यात नुसता उभा होता म्हणून त्याचा बचावपटू मदतीला जाऊ शकला नाही. आता हे दोन गुण कोणाचे?

मी संख्याशास्त्रात पीएचडी करतेय, आणि माझा प्रश्न साधारण हाच आहे: गटाने मिळून केलेल्या कामाचं श्रेय एकेकट्याला किती द्यायचं? या प्रश्नाशी माझं एक जुनं भांडण आहे. ते शेवटी सांगते. आधी तक्ता.

सामना कोणता?

१९ जून २०१६, ओकलंड. एनबीए अंतिम मालिकेचा सातवा, निर्णायक सामना. गोल्डन स्टेट वॉरियर्स विरुद्ध क्लीव्हलंड कॅव्हेलियर्स. वॉरियर्सनी त्या मोसमात साखळीतले ८२ पैकी ७३ सामने जिंकले होते, आजही तो विक्रम आहे. अंतिम मालिकेत ते ३-१ असे पुढे होते. त्याआधी अंतिम फेरीत ३-१ ने मागे पडून कोणीही मालिका जिंकली नव्हती. क्लीव्हलंडने बरोबरी केली आणि सातवा सामना ९३-८९ असा जिंकला.

चार गुणांचा फरक. आता तुम्हाला विचारलं, की क्लीव्हलंड का जिंकलं, तर तक्त्यात काय शोधाल?

पहिली चूक: टक्केवारी

बहुतेक जण आधी नेमबाजीची टक्केवारी बघतात. क्लीव्हलंडने ८२ फटक्यांपैकी ३३ आत टाकले, म्हणजे ४०.२ टक्के. वॉरियर्सनी ८३ पैकी ३२, म्हणजे ३८.६ टक्के. झालं, क्लीव्हलंडची नेमबाजी बरी होती, म्हणून जिंकले. विषय संपला?

थांबा. सगळे फटके सारखे नसतात. लांबच्या रेषेबाहेरून मारलेल्याचे तीन गुण मिळतात. क्लीव्हलंडचे असे ६ फटके (२५ पैकी) लागले, वॉरियर्सचे १५ (४१ पैकी). म्हणून अभ्यासक साधी टक्केवारी न घेता 'परिणामी टक्केवारी' काढतात. त्यात तीन गुणांचा फटका दीड फटका म्हणून मोजतात. करून बघा: क्लीव्हलंडचे ३३ अधिक ३, म्हणजे ३६, भागिले ८२, म्हणजे ४३.९ टक्के. वॉरियर्सचे ३२ अधिक साडेसात, म्हणजे ३९.५; भागिले ८३, म्हणजे ४७.६ टक्के.

बघा, चित्र उलटलं. चालू खेळातून वॉरियर्सनी ७९ गुण मिळवले, क्लीव्हलंडने ७२. म्हणजे नेमबाजीत जिंकलेला संघ ७ गुणांनी मागे होता!

मग भरपाई कुठून झाली? फ्री थ्रोमधून. क्लीव्हलंडने २५ पैकी २१ टाकले, वॉरियर्सनी १३ पैकी १०. तिथे क्लीव्हलंडला ११ गुण जास्त. उणे सात अधिक अकरा, बरोबर चार. हिशोब जुळला.

दुसरी पायरी: संधी मोजायच्या

पण इथेही थांबू नका. फ्री थ्रो म्हणजे फुकटचे गुण नव्हेत, ती चेंडू वापरण्याचीच एक रीत आहे. तेव्हा दोन्ही एकत्र करून विचारूया: प्रत्येक संघाला गुण मिळवायच्या एकूण संधी किती मिळाल्या?

यासाठी एक ठोकताळा वापरतात. मारलेले फटके अधिक फ्री थ्रो गुणिले ०.४४. हे ०.४४ कुठून आलं? बहुतेक फ्री थ्रो जोडीने मिळतात, म्हणून दोन फ्री थ्रोंची एक संधी धरली तर ०.५ यायला हवं. पण कधी टोपलीत चेंडू गेल्यावर वर एक फ्री थ्रो मिळतो, कधी तांत्रिक फाउलचा मिळतो. त्यासाठी वेगळी संधी खर्च झालेली नसते. म्हणून अनुभवाने तो आकडा थोडा खाली आणला आहे.

क्लीव्हलंड: ८२ अधिक (०.४४ गुणिले २५), म्हणजे ९३ संधी. गुण ९३.
वॉरियर्स: ८३ अधिक (०.४४ गुणिले १३), म्हणजे ८८.७ संधी. गुण ८९.

मी हे पहिल्यांदा कागदावर केलं तेव्हा दोनदा तपासलं. दोन्ही संघांना प्रत्येक संधीमागे जवळपास बरोबर एक गुण मिळाला होता! म्हणजे सगळं धरून नेमबाजी तंतोतंत बरोबरीत सुटली. क्लीव्हलंडला फक्त चार संधी जास्त मिळाल्या, आणि ते चार गुणांनी जिंकले.

जास्तीच्या संधी येतात कुठून? बास्केटबॉलमध्ये चेंडू आळीपाळीने मिळतो, त्यामुळे दोन्ही संघांच्या पाळ्या जवळपास सारख्याच असतात. फरक पडतो तो दोनच ठिकाणी. एक, आपला फटका चुकला तरी तो चेंडू आपणच पकडला, तर त्याच पाळीत पुन्हा संधी. दोन, फटका मारण्याआधीच चेंडू घालवला नाही, तर संधी वाया जात नाही. त्या रात्री दोन्ही संघांचे चुकलेले फटके जवळजवळ सारखे होते, ४९ आणि ५१. पण रिबाउंड क्लीव्हलंडचे ४८, वॉरियर्सचे ३९.

डीन ऑलिव्हर नावाच्या अभ्यासकाने २००४ साली आपल्या पुस्तकात हेच मांडलं होतं. सामना चार गोष्टींवर ठरतो: नेमबाजी, चेंडू न घालवणं, आक्रमणातले रिबाउंड आणि फ्री थ्रो. पहिली सगळ्यात महत्त्वाची. पण पहिलीत बरोबरी झाली, तर उरलेल्या तिघी निकाल लावतात.

आता खेळाडूंकडे वळू

संघाचं गणित सुटलं. माणसांचं अवघड आहे.

त्या रात्रीचा सगळ्यात देखणा आकडा हरलेल्या संघातल्या ड्रेमंड ग्रीनचा होता. ३२ गुण, १५ रिबाउंड, ९ असिस्ट. १५ पैकी ११ फटके आत, त्यातले तीन गुणांचे ८ पैकी ६, फ्री थ्रो ४ पैकी ४. आणि विजेत्यांच्या लेब्रॉन जेम्सचे २७ गुण, ११ रिबाउंड, ११ असिस्ट, पण २४ पैकी फक्त ९ फटके आत. नेमबाजीच्या निकषावर ग्रीनसमोर लेब्रॉन कुठेच नाही.

आणि स्टेफ करी? त्या मोसमात तीन गुणांचे ४०२ फटके मारणारा, ४५ टक्के नेम असलेला माणूस. सातव्या सामन्यात १४ पैकी ४. लगेच निष्कर्ष निघतो: दडपणाखाली कोसळला.

इथे माझ्यातली संख्याशास्त्रवाली जागी होते. समजा करी त्या रात्री अगदी नेहमीसारखाच होता, प्रत्येक फटका लागण्याची शक्यता ४५ टक्के. तरी १४ पैकी ४ किंवा त्याहून कमी लागण्याची शक्यता किती? द्विपद सूत्राने काढली तर जवळपास १७ टक्के. म्हणजे दर सहा रात्रींत एक. फासा टाकल्यावर एक पडला तर आपण फाशाला घाबरट म्हणत नाही. तो खरोखर दमला असेल, दुखापत असेल, समोरचा बचाव भारी असेल, हे सगळं शक्य आहे. पण फक्त या आकड्यावरून ते सिद्ध होत नाही. एका रात्रीचे १४ फटके फार थोडे असतात.

जे तक्त्यात नाही

त्या सामन्यातले शेवटचे क्षण ज्यांनी पाहिलेत ते विसरणार नाहीत. ८९-८९ अशी बरोबरी, आणि पावणेचार मिनिटं कोणालाच गुण नाही. दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरलेला असताना वॉरियर्सचा आंद्रे इग्वोडाला टोपलीकडे झेपावला, आणि मागून धावत आलेल्या लेब्रॉनने चेंडू फळीवरच अडवला. तक्त्यात याची नोंद काय? ब्लॉकच्या रकान्यात एक. सामना एकतर्फी झाल्यावर शेवटच्या मिनिटाला केलेल्या ब्लॉकचीही तेवढीच.

आणि त्याच क्षणी जे. आर. स्मिथ इग्वोडालासमोर आडवा आला, त्यामुळे त्याला हवेत चेंडू थोडा उशिरा सोडावा लागला, आणि त्या तेवढ्या उशिरात लेब्रॉन पोचला. स्मिथच्या नावावर काय? काहीच नाही. तसा रकानाच नाही.

५३ सेकंद उरले असताना कायरी अर्व्हिंगने करीच्या समोरून तीन गुणांचा फटका मारला. पुढच्या पाळीत करीसमोर आला केव्हिन लव्ह. उंच, पण बचावात संथ म्हणून ज्याची कायम टिंगल व्हायची, तो. करी डावीउजवीकडे नाचला, लव्ह हटला नाही, करीचा फटका चुकला. बॉक्स स्कोअरमध्ये हे करीच्या नावावर एक चुकलेला फटका म्हणून आहे. लव्हच्या नावावर शून्य.

रकाने आभाळातून पडत नाहीत हो, ते कोणीतरी आखलेले असतात. एनबीएमध्ये ब्लॉक आणि स्टील अधिकृतपणे मोजायला लागले १९७३-७४ च्या मोसमापासून. बिल रसेल निवृत्त झाला १९६९ मध्ये, ११ विजेतेपदं मिळवून. बचावाची कला ज्याने घडवली असं म्हणतात, त्याच्या नावावर अधिकृत ब्लॉक एकही नाही. त्याने केले नाहीत म्हणून नव्हे, मोजले नाहीत म्हणून.

मग अधिक-उणे मोजूया?

यावर एक साधा उपाय आइस हॉकीतून आला: प्लस-मायनस. कोणी काय केलं ते सोडा. तुम्ही मैदानावर असताना तुमच्या संघाने किती गुण केले आणि किती खाल्ले, त्याची वजाबाकी करा. स्मिथचं आडवं येणं, लव्हचं न हटणं, सगळं त्यात आपोआप येतं.

सातव्या सामन्यात हा आकडा सगळ्यात मोठा कोणाचा होता, माहितीये? केव्हिन लव्ह. ९ गुण, १४ रिबाउंड, आणि अधिक १९! संघ जिंकला चारने. म्हणजे लव्ह मैदानावर असताना, सुमारे ३० मिनिटं, क्लीव्हलंड १९ ने पुढे. तो बाकावर होता त्या १८ मिनिटांत १५ ने मागे.

तर मग खरा नायक लव्ह? असा लेख लिहायला मजा आली असती. पण नाही लिहिता येत.

कारण एक: योगायोग. ३० मिनिटांत दोन्ही संघांच्या मिळून साधारण १२० पाळ्या होतात. एका पाळीत शून्य ते तीन गुण, सरासरीपासून इकडेतिकडे सुमारे एक गुण. १२० पाळ्यांत ही अनिश्चितता वर्गमुळाच्या हिशोबाने वाढते, म्हणजे अंदाजे ११ गुण. दोन्ही संघ अगदी तोडीस तोड असले तरी दहा-अकराचा फरक नुसता नशिबानेही पडू शकतो. शिवाय पंधरा-वीस खेळाडूंमधून आपण सगळ्यात मोठा आकडा निवडून काढलाय. निवडून काढलेला आकडा नेहमीच खऱ्यापेक्षा मोठा दिसतो.

कारण दोन: याच मालिकेतला तिसरा सामना. डोक्याला मार लागल्यामुळे लव्ह खेळलाच नाही, आणि क्लीव्हलंड १२०-९० असं तीस गुणांनी जिंकलं! आता काय म्हणायचं?

कारण तीन सगळ्यात गंमतीदार, आणि माझं रोजचं काम तेच आहे. समजा हॉटेलात एका टेबलाने दोन चहा आणि दोन वडापाव घेतले, बिल ७० रुपये. दुसऱ्या टेबलाने तीन चहा, तीन वडापाव, १०५ रुपये. सांगा, चहा केवढ्याला? नाही सांगता येणार. अशी शंभर बिलं दिली तरी नाही. कोणीतरी नुसता चहा घेतलेलं एक बिल लागेल. तसंच, दोन खेळाडू कायम बरोबरच खेळत असतील तर त्यांच्यातलं श्रेय वेगळं करता येत नाही, आकडे कितीही असोत.

यावर डॅन रोझेनबॉमने २००४ मध्ये मोसमातल्या हजारो तुकड्यांची अशी समीकरणं मांडली: प्रत्येक तुकड्यात मैदानावरचे दहा जण कोण, आणि त्यात गुणफरक किती. म्हणजे हॉटेलची सगळी बिलं एकदम सोडवायची. २०१० मध्ये जो सिलने त्यात सुधारणा केली: ज्याच्याबद्दल पुरावा थोडा, त्याचा आकडा सरासरीकडे ओढायचा. दोन बिलांवरून चहा ९० रुपये निघाला, तर त्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही, 'एवढा महाग नसतो' या अनुभवाला थोडं वजन द्यायचं. पुरावा वाढेल तशी ती ओढ आपोआप कमी होते. मला ही कल्पना गणिताइतकीच स्वभावाची वाटते.

आणि ते जुनं भांडण

बीएस्सीला असताना मी आमच्या कॉलेजच्या मुलींच्या संघाची स्कोअरशीट लिहायचे. 'तुझा विषय स्टॅट्स ना, मग तूच लिही,' असं सर म्हणाले होते. मी मन लावून लिहायचे. गुण, रिबाउंड, असिस्ट, वर रंगीत पेनाने टोटल.

चार सामन्यांनंतर पुढच्या फेरीसाठी संघातून दोघींना वगळायचं होतं. सरांनी माझी शीट मागितली. सात नंबरच्या मुलीसमोर चार सामन्यांत मिळून अकरा गुण होते. तिचं नाव कापलं गेलं. ती काही बोलली नाही. नंतर वसतिगृहात मला एवढंच म्हणाली, "अगं, मी ज्यांना अडवलं ते कुठे लिहितेस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रकाना नव्हता.

गेल्या दिवाळीत घरी ती वही सापडली. बदली खेळाडू केव्हा आत आली, केव्हा बाहेर गेली, हे मी समासात वेळेसकट लिहून ठेवलं होतं. रात्री बसून प्लस-मायनस काढला. सात नंबर: अधिक २३. संघात सगळ्यात जास्त.

तुम्हाला वाटेल, मी लगेच तिला फोन केला असेल. हात फोनकडे गेलाही होता. पण वर लव्हबद्दल जे लिहिलं तेच इथेही लागू होतं. चार सामने, रोजची वीसेक मिनिटं, त्यात नुसत्या नशिबाने १५-२० गुण सहज इकडेतिकडे होतात. अधिक २३ वरून ती सगळ्यात चांगली होती हे सिद्ध होत नाही. माझ्या विद्यार्थिनीने असा निष्कर्ष काढला असता तर मी लाल पेनाने खूण केली असती.

पण मग अकरा गुणांवरून ती सगळ्यात वाईट होती, हेही सिद्ध होत नव्हतं. ती शीट काहीच सांगू शकत नव्हती, आणि आम्ही तिच्याकडून निकाल घेतला. कागदावर आकडे होते, टोटल होती, म्हणून आम्हाला ते ज्ञान वाटलं. सरांनी डोळ्यांनी चार सामने पाहिले होते, पण शेवटी विश्वास ठेवला तो माझ्या रंगीत पेनावर.

फोन मी दुसऱ्या दिवशी केला. आकडा सांगितला, आणि त्यावर भरवसा का ठेवता येत नाही तेही सांगितलं. ती खूप हसली. म्हणाली, "म्हणजे अजूनही तुला माहीतच नाही ना, मी कशी खेळायचे ते?"

नाही माहीत. पण आता कुठल्याही तक्त्यासमोर बसले की आधी तीन प्रश्न विचारते, आणि तुम्हालाही तेच सुचवते. मग तो तक्ता सामन्याचा असो, शाळेच्या निकालाचा असो की ऑफिसातल्या वार्षिक मूल्यमापनाचा. रकाने कोणी आखले, आणि काय राहून गेलं? हा आकडा नुसत्या योगायोगाने किती हलू शकतो? आणि हे काम एकट्याचं होतं, की चहा-वडापावसारखं कायम जोडीचं?

उत्तर मिळालं नाही तरी चालेल. निदान नाव कापताना हात जरा थांबेल.